कच्च्या तांदळाची पुडी

सेगोत, जेजू बेट
९ नोव्हेंबर १९९७

इनसिल,

कशी आहेस वगैरे विचारणार नाही. तार मिळूनही आईच्या मातीला न येणारी बाई ठणठणीतच असणार.

तरी काय घडलं ते तुझ्या कानावर घालणं माझं काम. जोंगसिम आजी एकवीस ऑक्टोबरला गेली. हो, आजीच म्हणते. अख्खं गाव तिला आजी म्हणायचं, आई म्हणणारी तू एकटीच होतीस आणि तू तर तोंड फिरवून बसलीस. शहात्तरीची बाई सकाळी आमच्याबरोबर पाण्यात उतरली, जाळीभर शंख घेऊन वर आली, शेकोटीला बसली. लाकडं ओली आणलीस म्हणून माझ्यावर डाफरली आणि हात शेकता शेकता तिनं मान टाकली. आम्हाला वाटलं डुलकी लागली. दोल्ने आजी तिला म्हणालीसुद्धा, "ऊठ गं म्हातारे, घोरायला लागशील." मग कुणीतरी तिच्या हाताला हात लावला.

त्या दिवशी आसपासच्या चार गावांतली एकही बुडीवाली बाई पाण्यात उतरली नाही. बेचाळीस जणी तिच्या मागून चालल्या. मी मोजल्या, कारण मी तुला शोधत होते.

आता कामाचं बोलते. काळ्या खडकाच्या अलीकडचं उथळ पाणी सत्तरीपुढच्या बायकांचं, तरण्यांनी तिथं पाय घालायचा नाही, हा नियम तुझ्या आईनंच घातला होता. "दम कमी झाला म्हणून म्हाताऱ्यांनी काय घरात बसून भिंतींशी बोलायचं?" असं भर सभेत ओरडली होती. दुसरा नियम तिच्याही आधीचा. बुडीवाली बाई गेली की तिच्या नावाची भाताची पुडी रक्ताच्या बाईनं पाण्यात वाहायची, चांद्र पंचांगातल्या दुसऱ्या महिन्याच्या पूजेला. तोवर ती जिथं बुडी मारायची ते पाणी सगळ्यांना बंद. आजीला तुझ्याशिवाय रक्ताचं कुणी नाही. म्हणजे म्हाताऱ्यांचं पाणी आता तुझ्या हातात आहे, आणि नऊ जणी रोज सकाळी धक्क्यावर येऊन नुसत्या बसतात.

पूजा बारा मार्चला आहे. ये, पुडी वाहा आणि हवं तर त्याच दिवशी परत जा. राहा म्हणून कुणी हात धरणार नाही, मी तर नाहीच.

वोल्सन
बुडीवाल्या बायकांची पुढारीण


इकुनो, ओसाका
२७ नोव्हेंबर १९९७

श्रीमती वोल्सनबाई यांस,

सहीखाली 'पुढारीण' लिहिलंत ते बरं केलंत. आईची जागा किती दिवसांत भरली ते आपोआप कळलं.

तार मिळाली होती. वाचली, खिशात घातली आणि परत कामाला बसले. चपलेच्या तळाला डिंक लावला की तो वाळायच्या आत दाबावा लागतो. रडायला सवड नसते त्यात.

एकोणीस वर्षांची असताना मी चोरट्या बोटीनं इथं आले, आईशी कडाकडा भांडून आले, हे सगळं कबूल. ती म्हणायची माझ्यामागं पुढारीण तूच, आणि मी म्हणायचे बुड्या मारून तुझ्यासारखे कान फोडून घेऊन मला मरायचं नाही. रागात फार बोलले. पण पुढच्याच वर्षी तिकडून पत्र आलं. आईला लिहिता येत नव्हतं, तिच्यासाठी तुम्हीच लिहायचात. त्यातल्या दोन ओळी मला तोंडपाठ आहेत: "पूजा झाली. आईनं तुझी पुडी वाहिली, तुझ्या बाबांच्या पुडीमागोमाग."

माझे बाबा मी सहा वर्षांची असताना समुद्रात बुडाले, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. आणि पुड्यांचंही मला शिकवू नका. कच्च्या तांदळाची पुडी पाण्यात उतरणाऱ्या बायकांसाठी, कारण त्यांना वर येऊन चूल पेटवायची असते. शिजवलेल्या भाताची पुडी पाण्यात गेलेल्यांसाठी, कारण ते काही आता चूल पेटवणार नाहीत. मी पाणी सोडून चपला चिकटवत बसले होते. मग माझी पुडी कसली, हे मला लगेच कळलं. जिवंत लेकीचं श्राद्ध घातलं त्या बाईनं.

मेलेल्या बाईनं मेलेल्या बाईची पुडी कशी वाहायची? तुमच्या नियमात बसतं का ते बघा.

इनसिल


सेगोत
२० डिसेंबर १९९७

इनसिल,

'श्रीमती' काय, 'तुम्ही' काय! एका वाडग्यात बार्लीची पेज ओरपलीय आपण, एकाच भोपळ्याला लोंबकळून पोहायला शिकलो. जपानात जाऊन फारच अदब शिकलीस की. आईला खांदा द्यायची अदब मात्र राहिली शिकायची.

तुझ्या आईनं काय काय केलं हे तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. माझा थोरला होडीवर झाला. आठवा संपत आला होता, तरी मी पाण्यात होते, ती नको म्हणत असताना. कळा सुरू झाल्या तशी तिनं मला होडीत ओढलं, आपल्या खुरप्यानं नाळ कापली, आपल्या डोक्याचं फडकं सोडून पोराला गुंडाळलं. आणि मग काय केलं असेल? माझी रिकामी जाळी घेतली आणि परत बुडी मारली. ती भरून आणली आणि माझ्या पायाशी ठेवून म्हणाली, "बाळंतीण म्हणून फुकट सुट्टी नाही हो!" तिचा तो भोपळा, जाळी आणि खुरपं शेकोटीच्या भिंतीवर टांगलंय. कुणी हात लावत नाही.

माझी आई बुडून गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. तुझ्या आईनं मला उचललं आणि तुझ्या अंथरुणात आणून टाकलं. तू झोपेत मला लाथ मारलीस. अजून मारतेच आहेस.

इकडे म्हाताऱ्यांचं बघवत नाही. घरी सुना आहेत, टीव्ही आहे, पण धक्क्यावर येऊन बसतात. दोल्ने आजी एकोणऐंशीची, कानांनी ठार बहिरी. परवा मला म्हणाली, "पाण्याखाली मला सगळ्यांसारखंच ऐकू येतं गं, जमिनीवरच मी बहिरी." अशा बाईला वर्षभर कोरडी बसवायची म्हणजे मारायचंच. तुझा राग आईवर, माझ्यावर, कुणावरही असू दे. ह्यांनी तुझं काय घोडं मारलंय?

जुनी पत्रं उकरून काढू नकोस. त्याला तीस वर्षं झाली.

वोल्सन


ओसाका
८ जानेवारी १९९८

वोल्सनबाई,

तुम्ही सगळ्याला उत्तर दिलंत. अदब, होडी, बाळंतपण, दोल्ने आजी. एकाच गोष्टीला बगल दिलीत. आईनं तेव्हा कुठली पुडी वाहिली, भाताची की तांदळाची? साधा प्रश्न आहे. तुम्ही तिच्या शेजारी उभ्या होतात.

तुमचं पत्र अजून माझ्याजवळ आहे. आईचा निरोप दोन ओळींत संपला असेल असं तेव्हाही वाटलं नव्हतं. ती बाई भाजी कशी चिरायची ते सांगायलाही अर्धा तास घ्यायची. पण मी म्हटलं, रागात असेल, शब्द तोडले असतील.

आणि म्हाताऱ्यांचा एवढा कळवळा असेल तर तुम्हीच वाहा की पुडी! लेक म्हणून तुम्हीच मिरवलात ना तीस वर्षं? मला आई कच्ची मिळाली, तुम्हाला पिकलेली. रक्ताचं कोण हे समुद्र काही तपासायला येत नाही.

उत्तर नसेल तर पुन्हा पत्र पाठवू नका. उघडणार नाही.

इनसिल


पोस्टकार्ड
सेगोत, ४ फेब्रुवारी

इनसिल, जानेवारीतलं माझं पाकीट तू न उघडता परत पाठवलंस. कार्डाला पाकीट नसतं. पोस्टमन वाचेल तर वाचू दे. दोल्ने आजी सोमवारी कुणाला न सांगता खोल पाण्यात गेली. तरण्यांच्या पाण्यात, एकोणऐंशीव्या वर्षी. म्हणे उथळ बंद आहे तर खोल तरी उघडं आहे ना. निळी पडलेली बाहेर काढली. वाचली आहे. ह्यानंतर एक पाकीट येईल, ते उघड. तू विचारलेलं त्यात आहे. वोल्सन


सेगोत
१० फेब्रुवारी १९९८

इनसिल,

कच्ची होती. तांदळाची.

आता सगळंच सांगते, मधे थांबू नकोस. ६८ सालची पूजा. नियम तुला माहीत आहे, जिची आई जिवंत असते तिची पुडी आईनं बांधायची, जिची नसते तिनं स्वतःची स्वतः. आजीनं आधी तुझ्या बाबांची भाताची पुडी वाहिली. मग पांढरा कागद घेतला, मूठभर कच्चे तांदूळ घातले, दोरा गुंडाळला आणि तुझं नाव घेतलं. पुजारीण म्हणाली, "अगं, ती पाणी सोडून गेली, तिला पुडी चालत नाही." आजी म्हणाली, "गेली कुठं, बुडी मारलीय तिनं. जरा लांबची मारलीय. येईल वर." मग स्वतःची पुडी वाहिली. मी शेजारीच उभी होते, माझी पुडी बांधत. तेवीस वर्षांची होते मी. मला वाटायचं, इनसिल गेली, आता तरी ही माझी पुडी बांधेल. नुसती एकदा. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी तिनं मला पत्र सांगितलं. पान भरून सांगितलं. तुझं जुनं पांघरूण धुऊन ठेवलंय, कान दुखत असतील तर तिळाचं तेल घाल, चपलांचा धंदा वाईट नाही पण पाठ सांभाळ. आणि शेवटी म्हणाली, "लिही, कच्चे तांदूळ वाहिलेत तुझ्या नावानं. दम संपायच्या आत वर ये. शेकोटीजवळची तुझी जागा कुणाला दिलेली नाही."

मी ते काहीच लिहिलं नाही. तू वाचलेल्या दोन ओळी लिहिल्या. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. तू कसं वाचशील ते मला पक्कं ठाऊक होतं. आजीनं कागद हातात घेतला, उलटा धरला, म्हणाली, "एवढंच? मी तर खूप बोलले." मी म्हटलं, बारीक अक्षरात लिहिलंय.

तुझं उत्तर आलं नाही. पाच वर्षं तिनं पोस्टमनला विचारलं. नंतर विचारायची थांबली, पण पुडी थांबली नाही. दर वर्षी, तीस वर्षं. आधी तुझी, मग स्वतःची. मरेपर्यंत मी तिला सांगितलं नाही. जीभ रेटली नाही, आणि खरं सांगते, पुष्कळदा सांगावंसंही वाटलं नाही. तू नव्हतीस म्हणून तर मी होते.

दोल्ने आजीला पालथं घालून पाठीवर थापट्या मारत होते तेव्हा हे सगळं एकदम वर आलं. म्हाताऱ्यांचं पाणी नियमानं बंद नाही पडलं, माझ्यामुळं पडलं. माफी मागत नाही, तेवढं तोंड नाही मला. पण ये. माझ्या पापाची शिक्षा त्या नऊ जणींना देऊ नकोस.

वोल्सन


ओसाका
२४ फेब्रुवारी १९९८

अगं ए सटवे,

तीस वर्षं! आई गेल्याचं कळूनही मी इथं तिच्या नावानं एक काडी उदबत्ती लावली नाही. माझ्या लेकीला सांगितलं की तुझी आजी वाईट बाई होती. चार वेळा तिकीट काढलं, चारही वेळा ते पत्र उघडून वाचलं आणि तिकीट फाडून टाकलं. शेवटचं पाच वर्षांपूर्वी. तेव्हा ती जिवंत होती, बाजारात जात होती, तुझ्यावर डाफरत होती. आणि तू रोज तिच्यासमोर बसून जेवत होतीस. घास कसा उतरला तुझ्या घशाखाली?

तुला आई नव्हती, कबूल. म्हणून माझी चोरलीस? मागितली असतीस तर अर्धी दिली असती, लहान होतो तेव्हा सगळं अर्धंच करत होतो ना आपण.

येते मी. बारा तारखेला सकाळच्या बसनं उतरेन. दोल्ने आजीसाठी येते, आईसाठी येते. तू थांब्यावर येऊ नकोस. समोर दिसलीस तर गावादेखत थोबाडीत मारीन.

इनसिल


सेगोत
२० मार्च १९९८

इनसिल,

मारलीस. आणि बोलल्याप्रमाणे गावादेखत मारलीस. बसमधून पाय खाली टेकायच्या आधी! गाल दोन दिवस भाकरीसारखा टम्म होता. सुनेनं विचारलं तर म्हटलं, जुनी मैत्रीण भेटली. मला बरं वाटलं असं लिहिणार नाही. पण त्या रात्री झोप लागली.

पूजेनंतर तू न बोलता निघून गेलीस, म्हणून पुढचं तुला माहीत नसेल. तू शेकोटीजवळ बसलीस तो दगड तुझ्या आईनं तुझ्यासाठी ठेवलेला होता, तिच्या डावीकडचा. तिथं ती स्वतःसुद्धा भोपळा टेकवायची नाही. तुला कुणी सांगितलं नव्हतं, तू सरळ जाऊन बसलीस. म्हाताऱ्या एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या नऊ जणी उथळ पाण्यात उतरल्या. दोल्ने आजी सगळ्यांत पुढं, डॉक्टरला शिव्या घालत. मी धक्क्यावर बसून त्यांची एकेक शीळ मोजली. वर आल्यावर दम सोडताना प्रत्येकीची शीळ वेगळी वाजते, विसरली नसशील. नऊ वाजल्या. दहावीसाठी कान उगाच थांबले. मग मी रडले. घे, हे पण लिहिलं, हस तिकडं बसून.

आता एक विचारायचंय. तू आईची भाताची पुडी वाहिलीस, बाबांची वाहिलीस. मग आणखी एक काढलीस. ती कच्ची होती, कागदातून दाणे सांडत होते, मी पाहिलं. आमच्याकडे पाठ करून नाव घेतलंस. दोल्ने आजी पलीकडच्या खडकावर होती आणि बहिरी माणसं ओठ वाचतात. ती म्हणते, नाव वोल्सनचं होतं. मी म्हटलं, काहीतरीच काय सांगतेस. ती तशी लबाड आहे, पत्ते खेळताना अजून चोरते.

तू मला माफ केलं नाहीस हे मला कळतं. करूही नकोस. पण पुडी कुणाची होती तेवढं सांग.

वोल्सन


ओसाका
५ एप्रिल १९९८

ताई,

दोल्ने आजी पत्त्यांत चोरते, ओठ वाचण्यात नाही.

उगाच गहिवरू नकोस. प्रेमानं वगैरे वाहिली नाही. पूजेआधी आईच्या घरी गेले तेव्हा तिच्या फडताळात एक लहान डबा सापडला, त्यात मूठभर कच्चे तांदूळ आणि कापून ठेवलेला पांढरा कागद. ह्या वर्षीच्या पुडीची तयारी तिनं आधीच करून ठेवली होती. म्हणजे ते माझे तांदूळ. मी पाण्यात उतरत नाही, मी ते घेऊन काय करू? तू उतरतेस. तुझी पुडी आजवर कुणी बांधली नव्हती, म्हणून मी बांधली. दोरा सैल राहिला, दाणे सांडले. हाताची सवय गेलीय.

तुझा राग मात्र तसाच आहे, तसूभर कमी झालेला नाही. तीस वर्षांचं भांडण एका थोबाडीत भागत नाही. तू मधेच बुडून मेलीस तर मी ते कुणाशी करू? म्हणून दर वर्षी बारा मार्च असो नाहीतर जी काही तारीख पडेल ती असो, मी येणार, आणि तू बस थांब्यावर उभी पाहिजेस.

तोवर खोल पाण्यात जास्त हाव करू नकोस. दम संपायच्या आत वर येत जा.

इनसिल